शिदोरीच्या तीन किल्ल्या

कात्रज, पुणे
५ जानेवारी २०११

सुनीती,

मायना काय लिहावा हे ठरवताना बरेच कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नाव.

कागदावर का लिहिते आहे ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील, उल्काला आता नाटकं सुचायला लागली. मोबाइल नंबर तू बदललास. तीन वर्षांत तो मला कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. काल मागितला. सहकारनगरला तुझ्या आईकडे गेले. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ये. चप्पल बाहेर काढ, गेल्या वेळी विसरली होतीस." गेल्या वेळी म्हणजे २००७ साली! नंबराचं विचारलं तर म्हणाल्या, "नंबर मिळणार नाही. तुमच्या भांडणात मी टेलिफोन ऑपरेटर नाही. पत्ता देते. काय लिहायचं ते विचार करून लिही." मग धारवाडला तुझ्या कॉलेजात फोन लावला. पलीकडून विचारलं, "मॅडमना कोण बोलतंय म्हणून सांगू?" मी ठेवून दिला.

असो. मुद्दा असा आहे.

सोमवारी मला आणि रंगनाथला तुझ्या नावानं मेल आलं. कॉलेजात असताना आपण तिघांनी मिळून वेबसाइटचं जे नाव विकत घेतलं होतं, त्याच्यावरच्या तुझ्या जुन्या पत्त्यावरून. इंग्रजीत होतं. सारांश असा की शिदोरीची फार आठवण येते, चूक माझीच होती, झालंगेलं विसरून परत कामाला लागायचं आहे. लॅपटॉप चोरीला गेला, त्यात माझी किल्लीही गेली. सोबत नवी किल्ली जोडली आहे, तेवढी यादीत घाला.

रंगनाथनं लगेच होकार पाठवला. पुढे उद्गारचिन्हांची रांग. तुझ्या नियमाप्रमाणे नव्या किल्लीला दोघांचा होकार लागतो, तोही त्या माणसाला विचारून खात्री केल्यावर. दुसरा माझा. हा नियम तू आणलास तेव्हा मी म्हटलं होतं की मैत्रिणींमध्ये पावत्या कसल्या फाडायच्या? ते मी अजून मागे घेतलेलं नाही. पण हो म्हणण्याआधी तुला विचारावंसं वाटलं.

काकूंना हे सगळं समजावून सांगायला लागलं. "तुमचं ते शिदोरी म्हणजे नक्की आहे काय?" मी म्हटलं, काकू, वाण्याकडून सामान घरी आणून देणारा माणूस असतो ना, तसा हा प्रोग्रॅम. संगणकावर बसून म्हणायचं, मला अमुक सॉफ्टवेअर हवं. हा जाऊन आणतो, त्याच्यावरचं आमचं सील तपासतो आणि जागच्या जागी लावून देतो. फुकट. त्याचं आतलं सगळं कोड उघडं, कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. "आणि सील फुटलेलं असेल तर?" दारातूनच परत. "सील मारतं कोण?" आम्ही तिघं. तिघांकडे तीन किल्ल्या, लोखंडाच्या नव्हेत, संगणकातल्या. "म्हणजे भलत्याच्या हातात किल्ली गेली तर तो विषाच्या पुडीवरही सील मारील." बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

मला मेल वाचताक्षणीच शंका आली होती. सुदर्शनही म्हणाला, "सुनीती म्हणजे तीच ना, जी कुणाला सॉरी म्हणत नाही?" (सुदर्शन माझा नवरा. लग्नाला तू नव्हतीस, म्हणून ओळख करून देते.)

तर मेल तुझं असेल तर तसं लिही, किल्ली घालते. नसेल तर तसं लिही. एक शब्द पुरे. पण पोस्टानंच लिही. तुझ्या कुठल्या खात्यात कोण जाऊन बसलं आहे, मला कळायला मार्ग नाही.

आणि हो, तिसरं व्हर्शन ठरल्या दिवशी बाहेर काढलं ते बरोबरच होतं. एक चाचणी अडते म्हणून तू सही केली नाहीस, मी आणि रंगनाथनं केली. त्यावर "घाई ही उल्काची मातृभाषा आहे" असं सगळ्या जगासमोर लिहून निघून जायची काही गरज नव्हती. चाललं ते व्हर्शन. शाळांमधून अजून चालतं आहे.

उल्का


कात्रज
१४ जानेवारी, संक्रांत

सुनीती,

सगळं जग आज तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतं आहे, आणि दुपारी पोस्टमननं तुझं कार्ड आणून दिलं. "मेल माझं नाही. 'चूक माझीच होती' हे वाक्य मी लिहीन असं तुम्हा दोघांना वाटलंच कसं? किल्ली माझ्याकडे आहे. तुझ्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मागे लिहिल्या आहेत. तिसरं व्हर्शन चाललं ते नशिबानं."

मी जिन्यातच उभी राहून वाचलं आणि हसायलाच लागले. सुदर्शननं वाचून मला परत दिलं. "यात आनंद होण्यासारखं काय आहे?" त्याला काय सांगणार! असं दुसरं कुणी लिहूच शकत नाही. याच्यावर सीलसुद्धा नको.

तुझ्या कार्डाची वाट पाहताना मी गप्प बसले नव्हते. त्या खोट्या सुनीतीला मी मराठीत उत्तर पाठवलं. लिहिलं, "अगं भवाने, तीन वर्षं कुठे उलथली होतीस?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "थँक यू फॉर युअर काइंड वर्ड्स." सुदर्शनच्या आई, वेणूबाई, सध्या यवतमाळहून आमच्याकडे आल्या आहेत. मी एकटीच हसते आहे असं पाहून त्या म्हणाल्या, "काय वं, कोनासंगं बोलून राहिली त्या डब्यात?" मी सांगितलं, आई, चोराशी.

चोर घरात शिरला कसा तेही रंगनाथनं शोधून काढलं. कॉलेजातल्या त्या नावाची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. नूतनीकरण कुणी करायचं हे आपण कधी ठरवलंच नाही. पडून होतं, कुणीतरी विकत घेतलं. नाव त्याचं झालं म्हणजे त्या नावावरचा तुझा पत्ताही त्याचा. मग "पासवर्ड विसरले" म्हणायचा अवकाश, शिदोरीतलं तुझं जुनं खातं उघडून त्याच्या हातात! मी ते खातं बंद केलं आहे. त्याला मात्र काही कळू दिलेलं नाही. होकार देते हं, जरा घरी पाहुणे आहेत, असं लिहून लटकवून ठेवलं आहे. त्यानं उत्तरादाखल पाहुण्यांना नमस्कार कळवला.

पण सुनीती, एवढी खटपट करणारा माणूस एकाच दारावर बसून राहील का? सील तपासायचं सगळं कोड तुझं. मी ते रोज बघते, म्हणूनच मला त्यात आता काही दिसत नाही. तुझे डोळे हवेत. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नंबर आहे, खाली लिहिलं आहेस, "स्टाफरूमचा. थोडक्यात बोलावं." सोमवारी करते.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. गोड बोलण्याची अट नाही.

उल्का


कात्रज
२३ जानेवारी

सुनीती,

आठवडाभर रोज फोनवर बोलतो आहोत आणि तरी पत्र लिहिते, कारण फोनवर आपण फक्त कोडबद्दल बोलतो. मागे कुणीतरी कन्नडमध्ये चहाचं विचारत असतं, तू "हं, पुढे" म्हणतेस, मी पुढची ओळ वाचते.

गुरुवारचा तो फोन मी कधी विसरेन असं वाटत नाही. दिवाळीपासून आत आलेल्या दुरुस्त्या एकेक करून वाचत होते. आवाजही कंटाळला होता माझा. तू म्हणालीस, "थांब. परत वाच."

वाचली.

"सील तपासताना मध्येच काही बिघडलं, फाइल नीट उघडलीच नाही, तर उत्तर काय जातं?"

मी पाहिलं. "ठीक आहे, असं जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे... सील तपासता आलं नाही, तर सील आहे असंच धरायचं."

तुमच्याकडे तासाची घंटा झाली, खुर्च्या सरकल्या. मी मनात मोजायला लागले. एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरची खिडकी शिदोरीवर चालते. गावोगावची वाचनालयं आहेत, शाळा आहेत, आणि पार चिलीमध्ये कुणी हवामान मोजणारे लोक आहेत. महिनाअखेरीस ही ओळ या सगळ्यांकडे जाणार होती. जाहिरातही लिहून झाली होती माझी.

"आत कुणी घेतलं हे?" तू विचारलंस.

"रंगनाथनं." त्या दुरुस्तीत कोडमधल्या टिपांच्या स्पेलिंगच्या वीसेक चुका नीट केल्या होत्या आणि त्यांच्या गर्दीत ही एक ओळ. पाठवणाऱ्याचं नाव निराळं, पण माणूस तोच असणार. एक दार माझ्या होकारानं उघडलं असतं, आणि दुसरं आपणच उघडून ठेवलं होतं.

त्यानंतर इकडे काय झालं ते तुला ठाऊक नाही. रंगनाथ येरवड्याहून स्कूटरवर आला, हेल्मेट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मला काढून टाका." तू फोनवर दिलेला निरोप मी त्याला जसाच्या तसा सांगितला, की तुला काढलं तर काम कोण तुझा काका करणार? हेल्मेट काढ आणि चाचणी लिही. तो माझ्याकडे बघतच राहिला. "हेल्मेटचं तिला कसं कळलं?" मग हसला, आणि वेणूबाईंनी दिलेलं ताट मांडीवर घेऊन तिथेच लिहायला बसला. आता तसली ओळ पुन्हा कुणी घातली तर शिदोरी बोंब मारील आणि पुढे जाणारच नाही. वाईट ओळ काढून टाकली आहे. काय झालं, कसं झालं, हे सगळं आम्ही उघडपणे लिहून शिदोरी वापरणाऱ्या सगळ्यांना मेलनं कळवलं. मला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. चिलीहून एकानं लिहिलं, "सांगितलंत म्हणून राहतो." दोघातिघांनी तर आपण होऊन जुन्या दुरुस्त्या परत तपासायला घेतल्या आहेत.

चोराला शेवटचं मेलही पाठवलं. "पाहुणे गेले. आता तुम्हीही या." त्यानंतर तिकडून चकार शब्द नाही.

आता फोनवर बोलता येत नाही ते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की वाचताक्षणीच शंका आली. तसं नव्हतं. त्या सोमवारी ऑफिसातून येऊन मी मेल उघडलं आणि "चूक माझीच होती" इथपर्यंत पोचले नाही तोच स्वयंपाकघरात धावत गेले. सुदर्शनला हाताला धरून गोल फिरवला. वेणूबाईंना म्हटलं, आई, आज सांबारवडी करू या, माझी मैत्रीण परत आली. कोथिंबीर निवडताना मी गाणं म्हणत होते म्हणे. जेवणं झाल्यावर, पुन्हा एकदा चवीनं वाचावं म्हणून उघडलं, आणि तेव्हा ते फार गुळगुळीत वाटलं. तुझं एकही वाक्य असं सरळ चालत नाही. मग मी ते किती वेळ वाचत बसले कोण जाणे. होकाराचं बटण समोर होतं. दाबलं असतं तर सुनीती परत आली असती, निदान तसं वाटलं असतं. आधी विचारून खात्री करायची हा तुझा नियम आड आला नसता, तर मी दाबलंही असतं.

मेल खोटं निघालं. पण ती संध्याकाळ खरी होती, सुनीती. तेवढं तुला कळावं.

आता काम. खबरदारी म्हणून तुझी जुनी किल्ली रद्द करून तिघांच्याही नव्या करायला हव्यात, आणि नियमच असा की तिघांनी समोरासमोर बसून करायच्या. नियम कुणाचा, हे सांगायला नको. ५ फेब्रुवारीला शनिवार आहे. काकूंनी जागा द्यायचं कबूल केलं आहे. म्हणाल्या, "किल्ल्या करायला तीन इंजिनिअर? माझा किल्लीवाला एकटा करतो." तरी स्वतःहून पडदे धुवायला काढले आहेत.

येशील ना? किल्लीसाठी म्हणते आहे मी.

उल्का


कात्रज
७ फेब्रुवारी

सुनीती,

पोचलीस का? काल स्वारगेटला बस हलली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी ओरडलीस. मला ऐकू आलं नाही. काकू म्हणतात, "पासवर्ड नीट पाठ कर, असं म्हणाली." रंगनाथ म्हणतो, "पुन्हा येते, असं म्हणाली." दोन्ही तूच म्हणशील अशी वाक्यं आहेत, तेव्हा खुलासा कर.

शनिवारी तू दारात उभी राहिलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "जाड झालीस." मी म्हटलं, "तुझे केस पिकले." मग दोघी उंबरठ्यावरच उभ्या. बरं झालं काकूंनी सूत्रं हातात घेतली. मला अजून आठवलं की हसू येतं. टेबल मांडलेलं, इंटरनेटला कधी न जोडलेला कोरा लॅपटॉप मधोमध, आणि काकू चष्मा लावून पलीकडे. "ओळखपत्रं दाखवा."

"आई, मी आहे," तू म्हणालीस.

"ते माझ्या दृष्टीनं. साक्षीदार म्हणून मी सही करणार आहे. महिन्यापूर्वीच कुणीतरी सुनीती म्हणून येऊन गेलं ना? ओळखपत्र."

आणि तू मुकाट्यानं पर्समधून कॉलेजचं कार्ड काढून पोटच्या आईला दाखवलंस! काकूंनी फोटो पाहिला, तुझ्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. "फोटोत तरी हसायचं होतंस." तेव्हा तू जी फुटलीस ती थांबेचना. तुला हसताना पाहून मी, मला पाहून रंगनाथ. पासवर्ड टाकताना माझा दोनदा चुकला तो त्यामुळेच. घाईमुळे नाही.

तुला माहीत नाही ते पुढे. बस गेल्यावर मी काकूंना रिक्षा करून देत होते, तर म्हणाल्या, "उद्या तुमचं ते बाहेर पडणार ना? मला बघायचं आहे." म्हणून आज मी रजा टाकली आणि सकाळी काकू कात्रजला आल्या. वेणूबाईंची आणि त्यांची पहिलीच भेट. दोघी एकमेकींशी अतिशय अदबीनं बोलत होत्या आणि एकमेकींचं निम्मं बोलणं त्यांना कळत नव्हतं. "तुमच्या लेकीनं लयच मोठं काम केलं म्हन्तेत," वेणूबाई म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "केलं असावं. आम्हाला घरी कुणी सांगत नाही." पण पदर सारखा करत होत्या.

नऊच्या सुमाराला रंगनाथनं फोनवरून सांगितलं, तयार. तुझं सील तू जाण्याआधीच मारून ठेवलेलं, मग त्याचं, शेवटचं माझं. शिदोरीचं चौथं व्हर्शन बाहेर पडलं. आपल्या सर्व्हरवर कुठून कोण घेऊन जातं त्याच्या ओळी पडद्यावर येतात, त्या मी काकूंसाठी मोठ्या अक्षरात लावल्या. आधी काहीच नाही. मग एक ओळ आली. भंडारा. मग साताऱ्याचं एक वाचनालय. मग ओळी अशा सरसर यायला लागल्या की वाचता येईनात. इंडोनेशिया, नायजेरिया, मिरज, पोर्तुगाल, आणि एक असं गाव की ते कुठल्या देशात आहे तेच मला कळलं नाही. वेणूबाई म्हणाल्या, "जत्राच भरली वं!"

काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. मग विचारलं, "हे सगळे कोण?"

"माहीत नाही, काकू."

"एकालाही ओळखत नाहीस?"

"नाही."

"आणि ते तुम्हाला?"

"तेही नाही."

"ओळख ना पाळख," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही दिलेलं घरात घेतात."

"सील तपासून घेतात," मी म्हटलं.

त्यावर काहीतरी खोचक येणार म्हणून मी वाट पाहत होते. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन एकेक गावाचं नाव मोठ्यानं वाचायला लागल्या. बँकेत खिडकीवर बसून खातेदाराला हाक मारावी तसं. वेणूबाई प्रत्येक नावाला "हो, आला" म्हणत होत्या. मी चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. पातेलं हातात, पाणी भरायचं राहिलेलं. बाहेर त्या दोघी, आणि कुठूनकुठून येणारे ते लोक. ओळी काही थांबत नव्हत्या.

तू हवी होतीस इथे.

तुझी,
उल्का